ढगात शिरलेले छोटे विमान वेळेवर मागे का फिरत नाही?

नीराकाठ | रविवार, रात्री १०:१५

माझी धाकटी मुलगी यंदा वैमानिक प्रशिक्षणाला जाते आहे. तिचे वय एकोणीस आहे. प्रवेश झाला, वैद्यकीय तपासणी झाली, पांढरा गणवेश शिवून आला. काही महिन्यांत ती एका इंजिनाच्या विमानातून, आधी प्रशिक्षकाबरोबर आणि मग एकटी, एका गावाहून दुसऱ्या गावी उड्डाण करील. मी सिंचन खात्यातून निवृत्त झालो आहे. पाण्याची पातळी मोजण्यात माझी नोकरी गेली, हवेतले मला काही कळत नाही. परंतु गेला महिनाभर मी रात्री अपघातांचे अहवाल वाचत बसतो आणि एकच प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो.

१६ जुलै १९९९ च्या रात्री धाकटे जॉन केनेडी स्वतः छोटे विमान चालवत न्यू जर्सीहून निघाले आणि मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळले. बरोबर पत्नी आणि मेहुणी होत्या. विमानात बिघाड आढळला नाही. धुरके होते, काळोख होता, खाली पाणी होते आणि वैमानिकाला वर-खालीचे भान राहिले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. आपल्याकडे ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे यांचे लहान विमान खराब हवेत मैनपुरीजवळ कोसळले, ते तर सर्वांना आठवत असेल.

यंत्र बिघडले तर माणसाचा इलाज चालत नाही, हे मी समजू शकतो. पण समोर ढग दिसतो आहे, मागे मोकळे आकाश आहे, आणि तरी माणूस पुढे जातो, वाट चुकतो, चुकल्याचे कळल्यावरही मागे फिरत नाही, हे का होते? येथे या क्षेत्रातले कोणी असतील तर त्यांनी समजावून सांगावे. मला धीर नको आहे, समजून घ्यायचे आहे.

चौकस | रविवार, रात्री १०:४०

हल्ली प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर नकाशा असतो. मग आकाशात वाट चुकते तरी कशी, हा माझाही प्रश्न याच धाग्यात जोडून घ्यावा.

शिडाची होडी | सोमवार, सकाळी ६:२०

मी व्यापारी जहाजांवर सव्वीस वर्षे नौवहन अधिकारी होतो. विमान चालवलेले नाही, पण वाट चुकण्याचे शास्त्र पाण्यावर आणि हवेत एकच आहे, म्हणून आधी तेवढेच सांगतो.

समजा, तुमची मुलगी पुण्याहून सोलापूरला निघाली. अंतर सुमारे १२८ सागरी मैल, विमानाचा वेग ताशी १०० सागरी मैल, म्हणजे सव्वा तासाचा प्रवास. तिने होकायंत्रावर सोलापूरची दिशा धरली आणि ती एक अंशही ढळू दिली नाही. पण त्या दिवशी दक्षिण-नैऋत्येकडून ताशी २० सागरी मैलांचा वारा आडवा वाहतो आहे आणि तिने तो हिशेबात धरलेला नाही. विमानाचे नाक अगदी बरोबर दिशेला राहील, मात्र विमान सबंध वेळ डावीकडे सरकत राहील. सव्वा तासाने ती २५ सागरी मैल, म्हणजे सुमारे ४६ किलोमीटर बाजूला गेलेली असेल आणि सिद्धेश्वराच्या तळ्याऐवजी खाली तुळजापूरचा परिसर येईल. तिच्या हातून चूक अशी काही झालेलीच नाही, म्हणूनच ती लवकर लक्षात येत नाही.

हवा स्वच्छ असली तर दर दहा-पंधरा मिनिटांनी खाली काही ओळखीचे दिसते आणि माणूस दिशा सुधारून घेतो. आमच्याकडे आणि त्यांच्याकडेही एक ठोकताळा आहे: ६० मैलांच्या प्रवासात एक अंश चुकले तर एक मैल बाजूला जातो. खराब हवा पहिल्यांदा ही खालची ओळख काढून घेते. उरते ते होकायंत्र, घड्याळ आणि अंदाज. अंदाज जितका जुना, तितका तो खोटा, पण माणसाचा त्यावरचा विश्वास मात्र वेळेबरोबर वाढत जातो.

मोकळे आभाळ | सोमवार, दुपारी २:०५

नीराकाठ काका, मी सध्या प्रवासी विमानावर सहवैमानिक आहे. तुमची मुलगी ज्या टप्प्यावर आहे, तेथे मी नऊ वर्षांपूर्वी होतो आणि तुम्ही विचारता ते माझ्या बाबतीत घडलेले आहे. तेव्हा केंद्राचे नाव न घेता सविस्तर लिहितो.

मे महिन्याची अखेर होती. एकट्याने करायचे लांबचे उड्डाण होते, उंची ४,५०० फूट. सकाळी निघताना हवा चांगली होती. पाऊण तासानंतर समोर वळवाचा ढग उभा राहिला. एकच असेल, वळसा घालून जाऊ, असे म्हणून मी उत्तरेकडे वळलो. त्याच्यामागे दुसरा होता. आणखी वळलो. तोवर खालची जमीन पावसाच्या पडद्याआड अधूनमधून दिसेनाशी होऊ लागली होती. समोरच्या काचेवर थेंब पडतात ते खाली ओघळत नाहीत, वाऱ्याच्या जोराने वर सरकतात. पहिल्यांदा पाहिल्यावर माणूस नको तितका वेळ तिकडेच पाहत राहतो.

मग एका फटीतून रेल्वेचा रूळ दिसला आणि त्याच्या कडेला एक मोठे गाव. मी स्वतःला सांगितले, हे कुर्डुवाडी. मांडीवरच्या नकाशावर पेन्सिलीने खूण केली, वेळ लिहिली. खरे तर कुर्डुवाडीला रूळ चार दिशांना फुटतात आणि मला खाली एकच रूळ दिसत होता. ते मला दिसले नाही असे नाही. मी ते पाहिले आणि बाजूला ठेवले. पुढे साखर कारखान्याचे धुराडे दिसले. नकाशावर तेथे कारखाना होता, त्यामुळे माझी खात्री पटली. उसाच्या पट्ट्यात कारखान्याचे धुराडे कोठे नाही? पण त्या वेळी मला पुरावा हवा होता आणि जे दिसेल ते मी पुरावा म्हणून घेत होतो.

भीमा यायला हवी होती त्या वेळेला आली नाही. सहा मिनिटे झाली, आठ झाली. अंगठा रेडिओच्या बटणावर होता. दाबायचे आणि एवढेच म्हणायचे, की मी कोठे आहे ते मला ठाऊक नाही. ते वाक्य तोंडातून निघायला मला अकरा मिनिटे लागली. घड्याळात पाहिले होते म्हणून आकडा आठवतो.

का लागली, ते सांगतो. पंधरवड्यापूर्वी माझ्या खोलीतला एक मुलगा ढग पाहून अर्ध्या वाटेतून परत आला होता. त्याला सगळ्यांसमोर विचारले गेले की इंधनाचे पैसे तुझे वडील भरणार का. माझ्या वडिलांनी त्या प्रशिक्षणासाठी शेत गहाण टाकले होते. ढगाकडे पाहताना माझ्या डोळ्यांसमोर तो प्रसंग होता.

बटण दाबल्यावर मात्र सगळे फार सोपे झाले. नियंत्रकाने शांतपणे विचारले, इंधन किती आहे, उंची किती आहे, जमीन दिसते का. ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर, चार आकडी संकेत लावायला सांगितला. दोन मिनिटांत त्याने मला शोधले, आलेल्या बाजूला तोंड करून द्यायची दिशा सांगितली आणि पंचवीस मिनिटांनी मी मोकळ्या हवेत होतो. मी मार्गापासून चाळीस किलोमीटर उत्तरेला होतो.

शिडाची होडी | सोमवार, दुपारी ३:३०

मोकळे आभाळ, तो चार रुळांचा तपशील तुम्ही लिहिलात याबद्दल आभार. जहाजावर आम्ही शिकाऊ मुलांना हेच सांगत असू: नकाशावरून जमिनीकडे पाहा, जमिनीवरून नकाशाकडे पाहू नका. आधी ठरवा की आता काय दिसायला हवे, आणि ते दिसले नाही तर तेवढ्यावरच थांबा. जे दिसते त्याला नकाशावर जागा शोधू लागलात की जागा मिळतेच.

चौकस | सोमवार, सायंकाळी ५:१०

परत आल्यावर प्रशिक्षक काय म्हणाले, ते राहिले.

कानामागून | सोमवार, रात्री ९:४५

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे आणि येथे थोडा मतभेद नोंदवतो. वाट चुकणे आणि वर-खालीचे भान हरपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धाग्यात त्या एकत्र होत आहेत. केनेडी यांच्या बाबतीत घडली ती दुसरी. पहिली माणसाला भटकवते, इंधन संपवते, डोंगराकडे नेते. दुसरी तीन मिनिटांत संपवते.

आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतला द्रव वळण्याची जाणीव देतो. मात्र वळणे एकसारखे चालू राहिले तर दहा-वीस सेकंदांत द्रव नलिकेच्याच गतीने फिरू लागतो आणि वळण थांबल्यासारखे वाटते. फारच सावकाश सुरू झालेले वळण तर मुळात जाणवतच नाही. जमिनीवर याने बिघडत नाही, कारण डोळे क्षितिज पाहून कानाची चूक दुरुस्त करतात. ढगात क्षितिज नसते. विमान एका पंखावर कलते, वळू लागते, नाक खाली जाते, वेग वाढतो. वैमानिकाला मात्र आपण सरळ आहोत आणि फक्त उंची कमी होते आहे, असे वाटते. तो दांडा मागे ओढतो आणि त्याने गिरकी आणखी आवळली जाते. उलट, उपकरणे पाहून विमान सरळ केले तर कान ओरडून सांगतो की आता आपण दुसऱ्या बाजूला कललो. बसल्या जागी स्वतःच्या शरीरावर अविश्वास दाखवायचा, हे सांगायला सोपे आहे.

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात याची चाचणी झाली होती. उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या वीस जणांना, बाहेरचे दिसणार नाही अशी व्यवस्था करून, उड्डाण करायला लावले. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही. सर्वांत लवकर ताबा गेला तो २० सेकंदांत, सर्वांत उशिरा ४८० सेकंदांत; सरासरी १७८ सेकंद. हा आकडा वैमानिकांच्या जगात फार प्रसिद्ध आहे. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू तितकीशी सांगितली जात नाही. त्या मंडळींना नंतर एक ठरावीक रीत शिकवण्यात आली, की उपकरणांकडे पाहत, घाई न करता, अर्धे वर्तुळ वळून आलेल्या वाटेला लागायचे. ते त्यांना थोड्या तासांच्या शिकवणीत जमू लागले. नीराकाठ, तुमच्या मुलीने विमानाची पुस्तके उघडण्याआधी मनात धरण्यासारखी गोष्ट मला ही वाटते.

अनुभवी माणूस यातून सुटतो, असे नाही. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जम्बो विमान मुंबईहून उडाल्यावर वांद्र्यापुढे समुद्रात कोसळले, २१३ माणसे गेली. समोरचे एक कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान सरळ आहे की कललेले ते दाखवणारे उपकरण, बिघडले होते आणि बाहेर रात्र व समुद्र यांत काही फरक दिसत नव्हता.

रानपाखरू | मंगळवार, सकाळी ७:५५

डॉक्टर, मुलांच्या फिरत्या खुर्चीवर डोळे मिटून बसले आणि यजमानांना सावकाश फिरवायला सांगितले. खुर्ची थांबल्यावर मी खात्रीने सांगितले की आता उलटी फिरते आहे. डोळे उघडले तर ती थांबलेली होती. वाचून जे कळले नव्हते, ते त्या अर्ध्या मिनिटात कळले.

वेधशाळा | मंगळवार, सकाळी ११:३०

चर्चा चांगली चालली आहे, पण माझे मत वेगळे आहे. ढगात शिरल्यावर काय करावे, हा उशिराचा प्रश्न आहे. खरा निर्णय जमिनीवर होतो, आणि तो बिघडण्याचे कारण बहुधा पोहोचण्याची निकड हे असते. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलावर ढगाळ हवेत नाहीसे झाले, अवशेष दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाले. ३० एप्रिल २०११ रोजी अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू तवांगहून इटानगरला निघाले, त्यांच्या हेलिकॉप्टरचा ठावठिकाणा लागायला पाचवा दिवस उजाडला. प्रत्येक घटनेचे तांत्रिक कारण वेगळे असेल, ते चौकशी करणाऱ्यांनी सांगावे. पण कोठे तरी लोक वाट पाहत आहेत, ही गोष्ट अशा प्रवासांत नेहमीच असते, आणि ती वैमानिकाच्या खांद्यावर बसलेली असते.

मोकळे आभाळ यांच्या बाबतीत वाट पाहणारा मुख्यमंत्री नव्हता, इंधनाचा हिशेब होता. दडपणाची जात एकच.

आता कामाची गोष्ट. विमानतळाच्या हवामान नोंदीत तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो) असे दोन आकडे मिळतात. त्यांतल्या फरकाच्या प्रत्येक अंशाला साधारण ४०० फूट धरले, की फुगीर ढगांचा तळ जमिनीपासून किती उंच असेल याचा अंदाज येतो. कोकणात जुलैमध्ये तापमान २६ आणि दवबिंदू २४ असेल तर ढगाचा तळ ८०० फुटांवर येतो. सह्याद्रीची धार तीन-साडेतीन हजार फूट उंच आहे. म्हणजे घाट ढगात पुरलेला आहे, हे पनवेलला उभे राहून, वर न पाहतासुद्धा सांगता येते. उघड्या डोळ्यांनी उडणाऱ्या विमानासाठी समोरची दृश्यता ५ किलोमीटर आणि ढगापासून आडवे १,५०० मीटर, उभे ३०० मीटर अंतर हवे, असा नियम आहे. हा नियम पाळायचा तर त्या दिवशी निघायचेच नाही.

शिवनेरीच्या पायथ्याशी | मंगळवार, दुपारी १:१५

घाट ढगात पुरलेला, हे वाचून राहवले नाही. आमच्या जुन्नर तालुक्यात दावंड्याच्या डोंगरावर ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री आलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान आदळले. ९४ जण होते, कोणी वाचले नाही. मुंबईला उतरण्यासाठी ते खाली येत होते आणि आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत, असा त्यांचा समज झाला होता. मुंबई अजून ८० किलोमीटरांहून अधिक दूर होती. पावसाळी रात्र होती. आमचे आजोबा सांगत, की आवाज आला तेव्हा घरातल्यांना वीज पडली असे वाटले.

चौकस | मंगळवार, दुपारी १:४०

ते मोठे विमान होते. धागा छोट्या विमानांविषयी आहे, इतकेच सुचवतो.

शिडाची होडी | मंगळवार, दुपारी २:२०

चौकस, जुन्नरची गोष्ट येथे शोभते. आपण कोठे आहोत याविषयीचा खोटा विश्वास, हेच तर आपण सोमवारपासून बोलतो आहोत.

उत्तरध्रुव | बुधवार, सकाळी ८:१०

अँकरेजहून लिहितो. येथे अलास्कात बहुतेक खेड्यांना रस्ता नाही. किराणा, टपाल, आजारी माणूस, शाळेचा संघ, सगळे छोट्या विमानाने जाते. म्हणून हा विषय येथे घराघरातला आहे.

वाट चुकल्यावर उतरून विचारणे, हा पर्यायही येथे वापरला गेला आहे. १५ ऑगस्ट १९३५ रोजी जगप्रवासी वैमानिक वायली पोस्ट आणि विनोदी लेखक विल रॉजर्स पॉइंट बॅरोकडे जाताना खराब हवेत वाट हरवून बसले. त्यांच्या विमानाला पाण्यावर उतरण्याचे तराफे होते. एका खाडीच्या सरोवरात त्यांनी विमान उतरवले आणि तेथे शिकारीसाठी राहिलेल्या इन्युपियाक कुटुंबाला बॅरो कोठे ते विचारले. बॅरो वीसेक किलोमीटरांवरच होते. पुन्हा उड्डाण करताना इंजिन बंद पडले आणि दोघेही गेले. ज्याने वाट सांगितली, तो क्लेअर ओकपेहा नावाचा माणूसच पुढे बॅरोपर्यंत धावत गेला आणि त्याने ती बातमी सांगितली.

१६ ऑक्टोबर १९७२ रोजी अँकरेजहून जूनोला निघालेले, दोन संसद सदस्यांना नेणारे छोटे विमान नाहीसे झाले. ३९ दिवस शोध चालला. ते आजतागायत सापडलेले नाही. त्यानंतर अमेरिकेत छोट्या विमानांवर आपत्कालीन संदेश देणारे यंत्र बसवणे कायद्याने आवश्यक झाले. नीराकाठ, मुलीच्या विमानातले असे यंत्र ४०६ मेगाहर्ट्झचे आहे ना, हे तिला विचारायला सांगा. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या संदेशाकडे उपग्रहांनी २००९ पासून लक्ष देणे थांबवले आहे.

वेधशाळा यांना आवडेल असे एक येथे आहे. डोंगरांतल्या खिंडी आणि धावपट्ट्यांवर दोनशेहून अधिक ठिकाणी कॅमेरे बसवलेले आहेत. दर दहा मिनिटांनी चित्र बदलते आणि शेजारी त्याच जागेचे स्वच्छ हवेतले चित्र असते, डोंगरांची अंतरे लिहिलेले. आज त्यातला कोणता डोंगर दिसत नाही, ते पाहायचे आणि चहा घेत बसायचे. माझे शेजारी वैमानिक आहेत, त्यांच्या स्वयंपाकघरात हे चित्र सकाळभर चालू असते.

रानपाखरू | बुधवार, सकाळी ९:३०

असे कॅमेरे आंबोली आणि वरंध घाटासाठी असते तर गाडीवाल्यांचाही जीव वाचला असता. धुक्यात पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यामागे आम्हीही गेलो आहोत. थांबायला जागा असूनही थांबलो नाही, कारण घरी पाहुणे जेवायला येणार होते.

शिडाची होडी | बुधवार, रात्री ८:५०

वाट चुकलेला माणूस बोलला तर काय होऊ शकते, याची एक खरी हकिकत सांगतो. ती खराब हवेची नाही, पण आमच्या शास्त्राची आहे आणि मला ती फार प्रिय आहे.

२२ डिसेंबर १९७८. जे प्रॉकनॉ नावाचा वैमानिक पिकांवर फवारणी करणारे एक इंजिनाचे सेसना विमान पॅसिफिकमधून एकटा ऑस्ट्रेलियाकडे नेत होता. पागो पागोहून निघाला होता, नॉरफोक बेटावर उतरायचे होते. रेडिओ दिशा दाखवणारे यंत्र बिघडले आणि बेट यायच्या वेळी खाली नुसता समुद्र होता. त्याने न लाजता सांगितले, की मी हरवलो आहे.

फिजीहून ऑकलंडला जाणाऱ्या एअर न्यूझीलंडच्या डीसी-१० विमानाचे कप्तान गॉर्डन व्हेट यांनी ते काम अंगावर घेतले, प्रवाशांना सांगून मार्ग सोडला. त्यांनी प्रॉकनॉला सूर्याकडे तोंड करायला सांगितले आणि स्वतःही केले. दोघांचे होकायंत्र किती अंश दाखवते, ते ताडून पाहिले. मग हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांमध्ये किती बोटे मावतात, ते दोघांनी मोजले. लहानपणी आपण दिवस मावळायला किती अवकाश आहे ते असेच मोजत असू. बोटांच्या फरकावरून दोघांमधले अंतर काढले. पुढे सूर्य मावळला ती वेळ प्रॉकनॉकडून आणि नॉरफोक बेटावरून घेतली. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. दोन वेळांत बावीस-साडेबावीस मिनिटांचा फरक आला, म्हणजे प्रॉकनॉ बेटाच्या सुमारे साडेपाच अंश पूर्वेला होता. अंधारात समुद्रातून ओढून नेली जाणारी तेलविहिरीची एक फलाटनौका त्याला दिसली, तिच्यावरच्या माणसांनी आपले नेमके स्थान सांगितले, आणि तेथून त्याला दिशा मिळाली. तेवीस तासांच्या उड्डाणानंतर तो नॉरफोकला उतरला. टाकीत जवळजवळ काहीच उरले नव्हते.

नीराकाठ | गुरुवार, सकाळी ६:४५

सर्वांचे मनापासून आभार. मुलीने सबंध धागा वाचला. खुर्चीचा प्रयोग आमच्याकडेही झाला. तिची शंका अशी, की जीपीएस असल्यावर मोकळे आभाळ यांच्यासारखा प्रसंग येणारच नाही, मग भीती कशाची?

मोकळे आभाळ | गुरुवार, दुपारी १२:३०

तिला सांगा, की जीपीएस हवेच, आणि ते चालू असल्याचा आनंद मानावा. पण ते ‘मी कोठे आहे’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देते. पुढच्या ढगात काय आहे, हे त्याला ठाऊक नसते. माझ्याजवळ त्या दिवशी ते असते तर कुर्डुवाडीची चूक झाली नसती, हे खरे. पण मग कदाचित मी आणखी वीस मिनिटे निर्धास्तपणे पुढे गेलो असतो, कारण पडद्यावर रेघ दिसत असते आणि रेघेवर आपण असतो. दुसरे, पडद्यावर बोट फिरवताना मान खाली जाते. डॉक्टरांनी सांगितलेले सावकाश वळण त्याच वेळी सुरू होते.

तिला एक सवय आत्तापासून लावता येईल. निघण्यापूर्वी नकाशावर जागा आणि आकडे ठरवायचे: या गावापर्यंत दृश्यता इतकी नसेल, किंवा ढग मला अमुक उंचीखाली ढकलू लागला, तर तेथून परत. आकडा जमिनीवर, घाम नसताना, लिहायचा. हवेत तो फक्त वाचायचा. मागे फिरायचे ते ढगाच्या अलीकडे, बाहेरचे क्षितिज दिसत असताना. आत गेल्यावर वळणेसुद्धा कठीण असते, शिवाय वळताना होकायंत्र काही काळ खोटे बोलते.

आणि चौकस, उत्तर राहिले होते. उतरल्यावर मुख्य प्रशिक्षकांनी बोलावले. ज्यांनी माझ्या मित्राला बोल लावला, ते हे नव्हेत. त्यांनी मला खुर्चीवर बसवले, पेन्सिल दिली आणि मी कोठे कोठे गेलो ती रेघ नकाशावर काढायला लावली. मी काढली. कुर्डुवाडीच्या खुणेपाशी त्यांनी बोट ठेवले आणि विचारले, येथे तुला किती रूळ दिसले? मी म्हणालो, एक. ते काही बोलले नाहीत. त्यांनी तो नकाशा वर्गातल्या भिंतीवर लावला, माझे नाव न लिहिता.

कानामागून | गुरुवार, रात्री १०:१०

एक वैद्यकीय पुस्ती. सर्दी असताना तिने उडू नये. कानाचा दाब जुळला नाही तर चक्कर येते आणि ती नेमकी उतरताना येते. सर्दीची जी गोळी घरात सहज घेतली जाते, तिने झोप येते. ‘आज उडत नाही’ म्हणण्यासाठी शिंक हेही पुरेसे कारण आहे, हे तिला आणि तिच्या प्रशिक्षकांनाही ठाऊक असावे.

नीराकाठ | सात महिन्यांनंतर, शनिवार, रात्री ९:२०

धागा वर आणतो आहे. काल मुलीचे एकटीचे लांबचे उड्डाण होते. दुपारी दीडच्या सुमारास तिचा फोन आला. अर्ध्या वाटेत समोर धुरके दाट होत गेले, भीमेच्या अलीकडे तिने ठरवून ठेवलेली जागा आली, पलीकडचा काठ दिसेना, आणि ती परत आली. प्रशिक्षकांनी वहीवर सही केली, जास्त काही विचारले नाही. मी तिला जेवलीस का, एवढे विचारले. तिने नकाशाचे छायाचित्र पाठवले आहे. जाणारी रेघ आणि येणारी रेघ, मध्ये भीमेजवळ एक लहानसा वळसा.

मोकळे आभाळ | शनिवार, रात्री ९:५०

काका, हे वाचून फार बरे वाटले. तो नकाशा तिला जपून ठेवायला सांगा.

वेधशाळा | शनिवार, रात्री १०:३०

तिच्या नोंदीत तापमान आणि दवबिंदू असतील तर कृपया कळवावेत.

नीराकाठ | रविवार, सकाळी ७:००

तिने वहीत लिहून ठेवले आहेत. निघताना येथे २१ आणि १४. वाटेत रेडिओवर पुढच्या विमानतळाचे विचारले तेव्हा तेथे १८ आणि १७.